दोघांच्या वजनावर

भात पिवळं पडलं की आमच्याकडे वाऱ्याला वास येतो. दसरा उलटतो, पाऊस जातो-जातो म्हणत एकदाचा जातो, सकाळी बांधावरच्या गवतात पाय घोट्यापर्यंत भिजतात आणि ऊन वर आलं की तेच गवत चटचटायला लागतं. मग कुठल्या तरी खाचरात पहिला विळा लागतो आणि कापलेल्या भाताचा, ओल्या पेंढ्याचा किंचित गोडसर वास घरात शिरतो. दारं लावून घेतली तरी शिरतो. गेली दोन वर्षं या दिवसांत मी दारं लावून बघितली आहेत, म्हणून सांगते.

पोशीरच्या जरा बाहेर आमची रोपवाटिका आहे. ‘आमची’ म्हणायची जिभेची सवय जात नाही. दिनकर गेल्यानंतरची ही तिसरी कापणी. दिनकर म्हणजे माझा नवरा. एकेरीत लिहिते, कारण सगळा संसार एकेरीतच भांडले. सासूबाईंनी हयातभर नाक मुरडलं, पण ‘अहो’ म्हणून भांडणाला धार येत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

परवा गाडी चौकला नेली. जुन्या हायवेवर ढाब्यांच्या रांगेत नझीरभाईचं गॅरेज आहे. गाडीच्या पुढच्या बाजूला, खालून, दोन दिवस ‘टक् टक्’ आवाज येत होता. नझीरभाई पाठीवर सरकत गाडीखाली गेला, नेहमीप्रमाणे मागच्या मेकॅनिकला शिव्या घातल्या (मागचा मेकॅनिकही तोच होता) आणि डोकं बाहेर काढून म्हणाला, “वहिनी, काय नाय. दांड्याच्या डाव्या बाजूचा रबर गेलाय. बदलतो. पन एक विचारू का?”

“विचार.”

“ह्यो दांडा आपून दोघांच्या वजनावर बसवलेला. आता तुमी एकट्याच चालवता. सगळं उघडायचंच हाय, तर तुमच्या एकटीच्या वजनावर बसवू का नव्यानं?”

पिशवी हवी का, असं दुकानदाराने विचारावं, इतका साधा प्रश्न. मी ओढणीच्या टोकाने उगाच चष्मा पुसला आणि म्हणाले, “उद्या सांगते.” गाडी तिथेच ठेवली आणि रिक्षा, टमटम असं करत घरी आले.

संध्याकाळी चांगुणाचा फोन. खालापूरकडच्या डोंगरातल्या ठाकूरवाडीत ती आणि तिचा नवरा वाळकू राहतात. रानातल्या झाडांच्या बिया आमच्या रोपवाटिकेला वर्षानुवर्षं त्यांनीच गोळा करून दिल्या. त्यांच्याकडे नवं भात आधी देवाला दाखवतात, मग पाहुण्याच्या पानात वाढतात, मग घरचे जेवतात. तो पाहुण्याचा मान कित्येक वर्षं आमचा होता. “ताय, कापनी झाली,” चांगुणा म्हणाली, “रईवारी नवं हाय. अवंदा तरी येशील नं गं?” तिलाही मी ‘बघते’ म्हटलं. गेली दोन वर्षं हेच म्हणते आहे. एका वर्षी रोपांची ऑर्डर होती, एका वर्षी ताप होता. ऑर्डर खोटी होती. ताप होता, पण एवढा नव्हता.

म्हणजे एकाच दिवसात दोघांनी दोन प्रश्न विचारले आणि दोघांनाही मी उत्तर दिलं नाही. रात्री भाताचा वास घरभर होता आणि मला तो हंगाम आठवत राहिला, ज्या हंगामात तो दांडा बसला.

*

आधी गाडीबद्दल सांगायला हवं. दिनकरने ती जुनी पिकअप घेतली, तेव्हा ती चार गाड्यांसारखी गाडी होती. मग त्याने तिच्या स्प्रिंगा बदलून तिला उंच केली, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर घातले, पुढे लोखंडी बंपर लावला. चढायला मला स्टूल लागायचं. मी तिला म्हैस म्हणायचे. चिखलात बसायची तिची हौस आणि दिनकरचा तिच्यावरचा जीव, दोन्हीला ते नाव चपखल होतं. हौस म्हणून घेतली असली, तरी तिच्याशिवाय आमचं पान हलत नसे. वाड्यांवरून बियांची पोती आणायची, जिथे टेंपो नको म्हणतो तिथे रोपं पोचवायची, हे तिचंच काम.

अशा उंच गाडीची एक खोड असते. वळणावर ती एका अंगावर कलते. कंपनीच्या गाडीत पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा दांडा असतो. एक बाजू दबली की तो पिळतो आणि दुसऱ्या बाजूलाही खाली ओढून धरतो, त्यामुळे गाडी फार कलत नाही. पण खडकाळ वाटेवर हाच दांडा चाकांना मोकळं वर-खाली होऊ देत नाही. म्हणून दिनकरने तो काढून भंगारात देऊन टाकला होता. “चाकं मोकळी पाहिजेत,” असं तो मिशीला पीळ देत म्हणायचा. त्याला मिशी नव्हती, तरी.

आम्ही कित्येक वर्षं तशा डुलत्या गाडीतून हिंडलो. वळण आलं की मी त्याच्या अंगावर कलायचे, पुढच्या वळणावर दाराकडे. सवय झाली होती. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

मग त्याच्या कानामागे, आत, गाठ निघाली. ती काढली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की शरीराचा तोल जिथून सांभाळला जातो, त्याच्या अगदी शेजारी ती आहे. गाठ गेली आणि तोलही गेला. उभं राहिलं की भिंत फिरायची, कुशीवर वळलं की छप्पर. डोळे मिटून सरळ बसला तरच जग जागेवर राहायचं. दवाखान्यातून घरी आणताना कर्जतच्या रस्त्यावर दोन वळणं झाली आणि त्याला उलट्या सुरू झाल्या. तेव्हा तो म्हणाला, “आता मला गाडीत घालू नकोस.” त्यानंतर पूर्ण पावसाळा तो पडवीत खुर्ची टाकून बसला. बांधावरून जाणारी माणसं त्याला हाक मारायची, तो मान न वळवता हात वर करायचा. मान वळवली की फिरायचं.

दिनकर तक्रार करणारा माणूस नव्हता, आणि हा त्याचा सगळ्यांत मोठा दुर्गुण होता. तक्रार केली असती तर मी भांडले तरी असते. तो नुसता बसून असायचा. रोपांच्या पिशव्या भरणाऱ्या बायका हसल्या-बोलल्या की तो ऐकायचा. मी पाणी घालत असले की माझ्याकडे बघत असायचा. घरात दोन माणसं असूनही घर रिकामं वाटू शकतं, हे मला तेव्हा कळलं. आताच्या रिकामेपणाची ती रंगीत तालीम होती म्हणा.

भात पिवळं पडलं. वास यायला लागला. आणि एका सकाळी चहा पिता-पिता तो म्हणाला, “चांगुणाकडचं नवं जवळ आलं असेल.”

एवढंच. पण पावसाळ्यापासून त्याने स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती. मी म्हटलं, “जाऊ या की.” तो हसला. वाडीवर आमच्या म्हशीशिवाय दुसरं वाहन चढत नाही, आणि म्हशीत तो बसू शकत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी चहाचे कप उचलले, विसळले आणि चावी घेऊन चौकला गेले. त्याला वाडीवर न्यायचंच, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. पुढचं काही मी तेव्हा बघत नव्हते. बघायची हिंमतही नव्हती.

*

नझीरभाई हा बढाईखोर माणूस आहे, पण मनाने लख्ख. त्यांचं घर मूळचं अलिबागकडचं, आजोबांच्या वेळेपासून चौकला. “दांडाच ना? चुटकीसरशी,” तो म्हणाला. कंपनीचा दांडा उंच केलेल्या गाडीला लागत नाही, तो बनवूनच घ्यावा लागतो, हे त्याने मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा, जणू आधी सांगितलंच नाही, अशा थाटात.

खोपोलीच्या भंगारवाल्याकडून त्याने एका मोडीतल्या मिनीबसचा दांडा आणला. गॅसच्या ज्योतीने लालबुंद तापवला, हवा तसा वाकवला आणि पिंपातल्या पाण्यात बुडवला. फुस्स करून वाफ उठली. आजूबाजूचे ढाबेवाले बघायला जमले. दांडा बसला, मी आणि नझीरभाई गाडी घेऊन निघालो आणि पहिल्याच गतिरोधकावर ‘कट्’ असा आवाज होऊन दांड्याचे दोन तुकडे झाले.

“लोखंडच भंगार होतं,” नझीरभाई म्हणाला.

“भंगारातूनच आणलं होतंस ना?”

“तसं नाय वहिनी…” तो डोकं खाजवत राहिला. मग आपणच कबूल केलं, की पिळून परत सरळ होणारं पोलाद असं तापवून पाण्यात घालायचं नसतं. ते काचेसारखं होतं. आपल्याला ठाऊक होतं, पण घाई केली, म्हणाला. घाई मीच लावली होती.

दुसऱ्या वेळी त्याने तापवायचं नावच काढलं नाही. जुन्या व्हॅनचा सरळसोट पोलादी रॉड घेतला, तसाच आडवा बसवला आणि दोन्ही टोकांना जाड पत्र्याचे हात खोपोलीच्या वर्कशॉपमधून कापून आणले. त्या हातांपासून चाकापर्यंत दोन छोट्या कांड्या, आणि कांड्यांना ओढून काढता येईल अशी एकेक पिन. डांबरी रस्त्यावर पिना लावायच्या म्हणजे गाडी कलणार नाही. चढाला लागलं की उतरून पिना काढायच्या म्हणजे चाकं मोकळी होतात आणि दगडांवर माणसाचं डोकं डावीकडून उजवीकडे आपटत नाही. “भाऊंच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी आराम,” नझीरभाई म्हणाला.

हे सगळं मी घरी येऊन दिनकरला समजावलं. एक बाजू दबली की दुसरीलाही थोडं वाकायला लागतं वगैरे. तो डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, “म्हणजे आपल्यासारखंच.” मी म्हटलं, “गप बस आणि गोळी घे.” संसाराचे दृष्टांत देणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून कंटाळा आहे.

आता मुख्य गोष्ट. दांडा पक्का करताना गाडी जॅकवर अधांतरी नको, चारी चाकांवर उभी हवी. आणि गाडीत नेहमीची माणसं नेहमीच्या जागी बसलेली हवीत. ड्रायव्हरच्या बाजूची कांडी आधी जोडायची. मग दुसऱ्या बाजूची कांडी आटे फिरवून इतकीच लांब करायची, की तिच्यातला बोल्ट नुसत्या बोटाने आत जावा. हातोडी लागली तर समजायचं, दांडा बसल्या जागी पिळलेला आहे. मग तो सपाट रस्त्यावरही गाडीला एका बाजूला खेचत राहतो. सगळे मेकॅनिक एवढा कीस पाडत नाहीत. पहिला दांडा तुटल्यापासून नझीरभाई मात्र पाडत होता.

दिनकर घरी होता. बसवलेला दांडा धरतो की नाही हे कळल्याशिवाय त्याला गाडीत घालायला माझं मन घेत नव्हतं. गाडीत मागे शेजारच्या काकूंच्या भाताच्या गोण्या होत्या, गिरणीवर टाकायला आणलेल्या. नव्या भाताच्या, अजून कोमट. नझीरभाईची नजर त्यांच्यावर गेली. “भाऊंचं वजन किती?” त्याने विचारलं.

मी पटकन सांगितलं. अजिबात विचार करावा लागला नाही.

समोरच्या वाण्याच्या काट्यावर तेवढं भात मोजून गोणीत भरलं, गोणी डाव्या सीटवर बसवली आणि नझीरभाईने तिला सीटबेल्टसुद्धा लावला. मी स्टिअरिंगवर बसले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाताचा दिनकर. ढाब्यावरची माणसं हसत होती, मीही हसले. बोल्ट बोटाने आत गेला. मी खुशीत घरी आले आणि त्याला म्हटलं, “उद्या तयार राहा. भाताने तुझी जागा राखून ठेवली आहे.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गाडीत चढवलं. मानेमागे उशी, पायांखाली गोणपाट. त्याने दारावरचं हँडल धरलं, डोळे घट्ट मिटले. नेरळ सोडलं, कर्जत आलं, चौकच्या रस्त्याला लागलो. पहिलं वळण मी अगदी सावकाश घेतलं, तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तसं. दुसरं जरा कमी सावकाश. तिसऱ्याला त्याने एक डोळा उघडला.

“कलली नाही,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “कलेल कशी? फुकट का बसवलाय?”

फक्त डावीकडून बारीक ‘टक्’ असा आवाज येत होता. चौकला पोचल्यावर नझीरभाईने दिनकरला गाडीतच बसू दिलं, डावीकडचा बोल्ट काढला आणि परत घालायला गेला. जाईना. बोटाने ढकललं, अंगठ्याने ढकललं. “हातोडी मागतोय,” तो पुटपुटला. मग उभा राहिला, हात पुसत म्हणाला, “वहिनी, वजन चुकलंय. भाऊंचं वजन कुटलं धरलंत…” आणि सीटवर बसलेल्या दिनकरकडे बघून मध्येच थांबला.

त्याला कळलं. मलाही कळलं.

मी जे वजन सांगितलं होतं, ते आजाराच्या आधीचं होतं. दोन्ही खांद्यांवर रोपांचे क्रेट घेऊन बांधावरून धावणाऱ्या माणसाचं. त्यात खोटं बोलायचं माझ्या मनातही नव्हतं. मी रोज त्याला आंघोळ घालत होते. त्याच्या पाठीचे मणके हाताला लागत होते, विजारीची नाडी मीच दर आठवड्याला आणखी आवळत होते. आणि तरी कोणी विचारलं, की तुझा नवरा किती, तर माझ्या तोंडून तो जुना, भरलेला, पूर्ण माणूसच बाहेर पडला होता. भाताच्या गोणीत आणि त्याच्यात किती अंतर पडलं आहे, ते त्या न जाणाऱ्या बोल्टाने मला दाखवलं.

दिनकरनेच ती कोंडी फोडली. “नझीरभाई,” तो डोळे न उघडता म्हणाला, “तिने माझं लग्नातलं वजन सांगितलं असेल. बायकांना तेवढंच आठवतं.”

नझीरभाई मोठ्याने हसला, गरजेपेक्षा मोठ्याने. मी ‘चहा सांगते’ म्हणून ढाब्यावर गेले आणि तिथल्या पाण्याच्या पिंपाशी उभी राहून रडले. ढाबेवाला चहा गाळत राहिला. परत आले तेव्हा मीही माझ्या जागेवर बसले, नझीरभाई खाली शिरला. “भाऊ, हलू नका. वहिनी, तुमीपन.” आम्ही दोघं समोर बघत बसून राहिलो, फोटो काढताना बसतात तसे. हायवेवरून ट्रक जात होते. दिनकरने डावा हात न हलवता उजव्या हाताने माझा हात धरला. कांडीचे आटे फिरले आणि बोल्ट बोटाने आत गेला.

*

त्या रविवारी आम्ही नव्याला गेलो. चढ लागायच्या आधी मी उतरून दोन्ही पिना काढल्या. चाकं एकेक दगड चढत-उतरत होती आणि वर आम्ही बरेच स्थिर. तो मध्येच ‘थांब’ म्हणायचा, मी थांबायचे. जग फिरायचं थांबलं की तो ‘चल’ म्हणायचा. ऐनाच्या झाडांखालून उन्हाचे कवडसे त्याच्या मांडीवरून सरकत होते.

वाळकूने त्याला जवळजवळ उचलूनच अंगणात नेलं. चांगुणा त्याच्याकडे बघून तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, “भाऊ, तू वायीच सुकलास रं.” वायीच म्हणजे थोडासा. पावसाळ्यापासून भेटणारा प्रत्येक माणूस मला ‘छान दिसताहेत हो’ म्हणत होता. तिने तेवढं खरं बोलून दाखवलं आणि पान वाढलं. नवा भात, वर उडदाची आमटी, बाजूला कांदा. नव्या तांदळाचा भात जरा चिकट होतो. दिनकर दोन-चार घास जेवला. चांगुणाने आग्रह केला नाही, पानातला उरलेला भात तिने हळूच वाळकूच्या पानात घातला.

उतरून डांबरीला आलो, पिना लावल्या. ऊन कलतीला लागलं होतं. दोन्ही बाजूंच्या खाचरांत कापलेल्या भाताचे भारे, बायका डोक्यावर घेऊन चालल्या होत्या, रस्त्यावर पेंढा सांडला होता. मी काहीतरी बोलत होते, चांगुणाच्या सुनेबद्दल बहुधा. उत्तर आलं नाही म्हणून बघितलं, तर दिनकर झोपला होता.

बसल्या-बसल्या, तोंड किंचित उघडं टाकून, गाढ. महिनोन् महिने रात्रीचीसुद्धा ज्याला धड झोप नव्हती, कूस बदलली की दचकून उठायचा, तो माणूस चालत्या गाडीत, वळणांच्या रस्त्यावर, झोपला होता. हात हँडलवरून गळून मांडीवर पडला होता. घराकडे वळायचा फाटा आला. मी वळले नाही. थांबले असते तर तो उठला असता. मी तशीच पुढे जात राहिले. एक गाव गेलं, दुसरं गेलं. कुठे जायचं नव्हतंच. वळण आलं की जीव मुठीत धरून घ्यायचे आणि त्याच्याकडे बघायचे. तो तस्साच. इतकी सुखी मी माझ्या लग्नातही नव्हते. डिझेलचा काटा तळाला टेकला तेव्हा कुठे माघारी फिरले.

होळीच्या सुमाराला तो गेला. मधल्या काळात गाठ परत आली होती. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

*

म्हैस मीच चालवते. रोपं पोचवते, खत आणते. दांडा आपलं काम करतो. डाव्या सीटवर मी पाण्याची बाटली, छत्री, डबा काहीही ठेवत नाही, सगळं मागे टाकते. नझीरभाई म्हणाला तो रबर डावीकडचाच का गेला, हे मला विचारायची गरज नव्हती. तिकडे कोणी बसत नाही आणि दांडा अजून कोणीतरी बसलंय असं धरून पिळलेला राहतो.

पण दांड्याला तरी कशाला नावं ठेवू? मीही तेच करते. गिऱ्हाईक येतं, “साहेब नाहीत का?” विचारतं. मी म्हणते, “बाहेर गेलेत.” नवी माणसं मान डोलावतात आणि रोपांचा भाव करायला लागतात. नंदुरबारहून भाचीचा फोन येतो, “मावशी, एकटी राहतेस, जप.” मी म्हणते, “हो गं, कडी लावते.” बाकीचं जग माझ्याबद्दल तो शब्द सहज वापरतं. मी स्वतः तो अजून कोणापुढे उच्चारलेला नव्हता. भात मात्र मी एकाच वाटीचा लावते, हे खरं. कुकरला ठाऊक आहे. एकट्या माणसाच्या घरात रेडिओ जरा मोठ्याने लागतो, कुत्र्याशी जरा जास्त बोललं जातं, आणि आजारपण आलं तर ते कोणाला सांगायचं, हे आधी ठरवावं लागतं आणि मग आजारी पडावं लागतं.

रात्रभर हा वास आणि हे विचार. सकाळी चौकला गेले. वाटेत ठरवलं होतं, की रबर तेवढा बदल म्हणायचं, बाकीचं राहू दे म्हणायचं. टक् टक् वाजलं तर वाजलं. दर सहा महिन्यांनी रबर गेला तर गेला. ज्याच्या वजनाचा दांडा आहे तो नसेल, पण वजन तरी राहील कुठेतरी.

नझीरभाईने सगळं उघडून ठेवलं होतं. गाडी चारी चाकांवर उभी. त्याने मला काही विचारलं नाही. फडक्याने सीट पुसली आणि म्हणाला, “बसा वहिनी. रोज बसता तश्या बसा.” मी चढले. आता स्टूल लागत नाही. हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत राहिले. तो खाली शिरला. त्याचे फक्त चपलांचे पाय बाहेर दिसत होते. आता सांगावं, आता सांगावं म्हणत होते, तेवढ्यात पर्समधला फोन वाजला.

“ताय,” चांगुणाचा आवाज, मागे कोंबड्यांचा कलकलाट, “तांदूळ कांडाया बसलोय. रईवारी तुमच्यातलं किती जनांचं रांधू, सांग.”

किती वर्षं ती हे विचारत होती. रोपवाटिकेतली कोणी बाई, कोणी पाहुणा, कोणी भाचरं, असे आम्ही दोघं, चौघं, कधी सहा जण जायचो. मागची दोन वर्षं मी तिला हे विचारायची वेळच येऊ दिली नव्हती. मला एकदम वाटलं, आपण नाही म्हटलं, तरी ती बाई कांडतच राहील. एखादी मूठ जास्तच कांडेल. आणि रविवारी रस्त्याकडे बघत बसेल.

“येतेस नं ताय?”

“येते,” मी म्हटलं. “एकटीच येते गं, चांगुणा. एकटीचं रांध.”

पलीकडे तिने कोंबड्यांना हाकललं. मग म्हणाली, “बरं. लौकर ये पन, ऊन चढायच्या आदी.” आणि फोन ठेवला.

मी फोन मांडीवर ठेवला. खाली पाना परत फिरायला लागला. मग नझीरभाई माझ्याकडे न बघता, गाडीखालूनच म्हणाला, “हलू नका वहिनी. एकटीचंच धरतो.”